‘दे’ म्हणायचं, पण काय देतोय ते पाहून

नारळ फोडतात, काठी मोडतात, कापड फाडतात, दोरी तोडतात. मराठी मुलाला हे कुणी वेगळं शिकवत नाही. ‘काठी फाडली’ म्हणाला की घरचे हसतात आणि काम भागतं. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींच्या देने भाषांमध्ये हीच तऱ्हा देणं, उचलणं, ठेवणं अशा साध्या कामांनाही लागू असते. वस्तू कशी आहे, त्यावर धातू ठरतो.

या भाषा अलास्का आणि पश्चिम कॅनडापासून थेट अमेरिकेच्या नैर्ऋत्येपर्यंत पसरल्या आहेत. दक्षिणेची नावाहो त्यांतली सर्वांत मोठी. तिच्यात हाताळण्याच्या क्रियापदांचे साधारण 11 वर्ग मोजतात. चेंडूसारखी गोल-भरीव वस्तू असेल तर ‘आँ’, काठीसारखी लांब-ताठ असेल तर ‘ताँ’, चादरीसारखी पसरट-लवचिक असेल तर ‘त्सोझ’, पाण्याने भरलेलं उघडं भांडं असेल तर ‘खाँ’, दोरीला ‘ला’, आणि चिखलासारख्या लिबलिबीत पदार्थाला आणखी वेगळा धातू. (देवनागरीतले हे उच्चार ढोबळ आहेत, नावाहोत सूर बदलला की अर्थ बदलतो.) उत्तरेकडच्या भाषांत वर्गांची संख्या आणि सीमा थोड्या बदलतात, तत्त्व तेच.

धातू बहुधा शब्दाच्या शेवटी बसतो. त्याआधी कर्ता, कर्म, दिशा, काम पुरं झालं की चालू आहे, अशा उपसर्गांची रांग. हे उपसर्ग एकमेकांत विरघळतात, म्हणून नवशिक्याला ते सुटे दिसतच नाहीत. कोशकारालाही हीच अडचण. रॉबर्ट यंग आणि विल्यम मॉर्गन यांच्या 1980च्या नावाहो कोशात क्रियापदं ‘मी करतो’ अशा पूर्ण रूपाखाली लावली होती; 1992च्या कोशात ती मूळ धातूखाली आली. पहिल्यात शब्द सापडतो, पण नातेवाईक विखुरतात. दुसऱ्यात कुटुंब एकत्र दिसतं, पण उपसर्ग सोलता आले तरच.

म्हणूनच मुलांना या भाषा शिकवताना ‘रंग, आकडे, प्राणी’ अशा नामांच्या याद्या आणि मोबाइलवरची चित्रं यांनी फारसं काही हाती लागत नाही. मूल वर्षभरात शंभर नामं पाठ करतं आणि ‘ते मला दे’ एवढंही म्हणू शकत नाही. खरी तूट क्रियापदांची आहे. कॅनडाच्या निवासी शाळांनी मुलांना घरापासून तोडलं आणि त्यांची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा केली, तेव्हा तुटलं ते रोजच्या कामातलं हेच बोलणं.

ते परत जोडायला कातडं कमावण्याचं शिबिर उत्तम. कॅनडाच्या उत्तरेकडच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये 11 अधिकृत भाषा आहेत, त्यांतल्या 5 देने. तिथे मूस या मोठ्या सांबरासारख्या प्राण्याचं कातडं अजून हाताने कमावतात. आधी मूसच्याच पायाच्या हाडापासून केलेल्या दातेरी हत्याराने आतलं मांस खरवडायचं, मग केस काढायचे. प्राण्याचा मेंदू पाण्यात कालवून त्यात कातडं भिजवायचं: त्यातली स्निग्ध द्रव्यं पाण्यात मिसळतात आणि तंतूंच्या मधे शिरतात. मग पिळायचं, ताणायचं, वाळेपर्यंत घासत राहायचं. इथे हात थांबला की तंतू एकमेकांना चिकटतात आणि कातडं फळीसारखं कडक होतं. पुन्हा भिजवण्यापासून सुरुवात. शेवटी पिशवीसारखं शिवून कुजक्या, भुसभुशीत स्प्रूस लाकडाच्या धुरावर धरायचं. जाळ नको, धूरच हवा. धुरातली अल्डिहाइड नावाची रसायनं कातड्यातल्या प्रथिनांना बांधतात, म्हणून पुढे ओलं झालं तरी ते वाळल्यावर मऊ राहतं.

आता यातल्या वस्तू बघा: ताठ हत्यार, लवचिक कातडं, लिबलिबीत मेंदू, भरलेली बादली, शिवायचा दोरा. एका कामात पाच वर्ग! ‘दे’, ‘धर’, ‘खाली ठेव’ दिवसातून पन्नासदा कानावर पडतं, आणि चुकीचा धातू वापरला की आजी हातातल्या वस्तूकडे पाहून हसते. व्याकरणाच्या तक्त्याला हे जमत नाही.

शिबिर थोड्याच दिवसांचं असतं, ही मात्र अडचण. म्हणून गुरू-शिष्य पद्धत. ती 1990च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या आदिवासी भाषांसाठी बांधली गेली. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एक जाणता आणि एक शिकणारा यांनी वर्षाला 300 तास एकत्र घालवायचे असतात, म्हणजे आठवड्याला जेमतेम सहा. नियम एकच कडक: इंग्रजी बंद. अनेक जोड्या इथेच घसरतात. शिकणारा ‘म्हणजे काय?’ असं इंग्रजीत विचारतो, म्हातारं माणूस मायेने इंग्रजीत उत्तर देतं, आणि तासभर तेच चालतं. उपाय साधा आहे. पहिल्या भेटीतच ‘हे काय?’, ‘पुन्हा म्हणा’, ‘मी काय करतोय?’ अशी चार-पाच वाक्यं त्या भाषेत पाठ करून घ्यायची, आणि रोज एखादं काम हाताशी ठेवायचं: चहा, मासळी साफ करणं, सरपण. रेकॉर्डर लावायचा तो शेकोटीपासून लांब, बोलणाऱ्याच्या जवळ; लाकडाच्या तडतडीत सूर ऐकू येत नाहीत, आणि सूर गेला तर तो शब्द नंतर कुणालाच नीट लिहिता येत नाही.