राउटरविना वाय-फाय: ॲड-हॉकपासून वाय-फाय डायरेक्टपर्यंत

मध्यस्थाविना यंत्रे रेडिओलहरींवर जोडण्याची कल्पना वाय-फायहून जुनी आहे. रणांगणावर तारा ओढायला आणि मनोरे उभारायला सवड नसते, म्हणून अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेने १९७० च्या दशकातच पॅकेट रेडिओचे, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे करून ते रेडिओलहरींवर पाठवण्याचे, प्रयोग केले होते.

पुढे १९९७ मध्ये वाय-फायचे मूळ मानक, म्हणजे आयईईई ८०२.११, प्रसिद्ध झाले आणि त्यातच ‘ॲड-हॉक’ नावाने ही सोय देण्यात आली. या पद्धतीत सगळी यंत्रे समान दर्जाची असत. एरवी राउटर ठरावीक अंतराने आपल्या अस्तित्वाचा जो ‘बीकन’ संकेत पाठवतो, तो पाठवण्याची जबाबदारीही सर्वांत वाटलेली असे. प्रत्येक यंत्र क्षणाचा काही अंश थांबे आणि ज्याची वेळ आधी भरे ते संकेत पाठवून मोकळे होई. कागदावर ही समता देखणी होती, पण वापरणाऱ्याला तिने जेरीस आणले. पत्ते वाटणारे कोणी नसल्याने दोन लॅपटॉप जोडताना आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यात यंत्राची ओळख पटवणारा आकडा, हाताने भरावा लागे, नाहीतर यंत्र १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आपल्या मनाने घेऊन बसे. (आजही संगणकात हा आकडा दिसला, की पत्ता देणारे कोणी भेटलेले नाही असे खुशाल समजावे.) सुरक्षेसाठी तर अनेकदा २००१ मध्येच कच्चे ठरलेले डब्ल्यूईपी या जुन्या वाय-फाय सुरक्षापद्धतीचे कुलूप तेवढे हाताशी असे.

वाय-फाय उपकरणांना प्रमाणपत्रे देणाऱ्या वाय-फाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने ऑक्टोबर २००९ मध्ये जाहीर केलेल्या आणि वर्षभराने प्रमाणपत्रे देऊ लागलेल्या वाय-फाय डायरेक्टने ही समता सरळ सोडून दिली. जोडणीच्या आरंभी दोन्ही यंत्रे ० ते १५ मधला एकेक आकडा सांगतात. ज्याचा आकडा मोठा ते गटप्रमुख होते आणि संकेत, पत्ते व डब्ल्यूपीए२ सुरक्षा ही राउटरची सारी कामे अंगावर घेते. दोघेही १५ वर अडून बसले, तर मात्र बोलणी फिसकटतात. राउटर गेला तरी त्याचे काम कोणाला तरी करावेच लागते, हे येथे प्रथम मोकळेपणाने मान्य झाले, असे मला वाटते.

अँड्रॉइडने २०११ मध्ये आपल्या चौथ्या आवृत्तीत ही सोय आणली आणि २०१२ मध्ये तिच्यावरच फोनचा पडदा टीव्हीवर दाखवणारे मिराकास्ट उभे राहिले. भारतात मात्र बहुतेकांना ही जोडणी ठाऊक झाली ती शेअरइट आणि झेंडर या ॲपमुळे, ज्यांत एक फोन हॉटस्पॉट होई आणि दुसरा त्याला जोडला जाऊन चित्रपट उतरवून घेई. केंद्र सरकारने २९ जून २०२० रोजी बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये ही दोन्ही होती.