मध्यांतराला आघाडी कोणाची? भाकीत बाजाराचे गणित

भाकीत बाजारात समभाग नव्हे, तर घटनांवरचे करार विकले जातात. घटना घडली तर कराराचा १ डॉलर मिळतो, न घडली तर काहीच मिळत नाही. त्यामुळे करार ६० सेंटला विकला जात असेल, तर ती घटना घडण्याची शक्यता बाजाराला साधारण ६० टक्के वाटते, असे मानता येते. आयोवा विद्यापीठाने १९८८ साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी भाकीत बाजार चालवला होता. ही कल्पना आता बास्केटबॉलमध्ये मध्यांतराला कोणता संघ पुढे असेल, इतक्या छोट्या प्रश्नापर्यंत येऊन पोहोचली आहे.

प्रश्न छोटा असला तरी सोपा नाही. अंतिम निकालात ज्याचे पारडे जड, त्याचे मध्यांतरालाही तितकेच जड असणार, असे सहज वाटते. पण तसे नसते. संख्याशास्त्रज्ञ हॅल स्टर्न यांनी १९९४ साली एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, सामन्यांतील गुणफरकाचे वर्णन ब्राउनीय गतीच्या, म्हणजे पाण्यात भरकटणाऱ्या सूक्ष्म कणाच्या गणिताने केले. त्यांच्या आकडेवारीत अंतिम गुणफरकाचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप, सुमारे १६ गुण होते. या गणितात बलाढ्य संघाची सरशी वेळेच्या प्रमाणात वाढते, तर नशिबाचे चढउतार वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात. ४८ मिनिटांच्या सामन्यात २४ मिनिटे झाली की सरशी निम्मीच असते, पण चढउतार निम्मे नसतात. ते १६ वरून ११.३ पर्यंतच उतरलेले असतात.

समजा, एक संघ ६ गुणांनी जिंकेल अशी अपेक्षा आहे. या हिशोबाने त्याच्या विजयाची शक्यता सुमारे ६५ टक्के येते. मध्यांतराला मात्र तो पुढे असण्याची शक्यता ५९ टक्के, मागे असण्याची ३८ टक्के आणि बरोबरीची सुमारे ३ टक्के. ही बरोबरी विसरणे ही नवख्या माणसाची नेहमीची चूक. अंतिम निकालाची बरोबरी जादा वेळ खेळवून फोडली जाते, मध्यांतराची तशीच राहते. म्हणूनच बरोबरी झाल्यास पैशाचे काय, हे कराराच्या अटींमध्ये आधी वाचावे लागते.

सामना सुरू झाल्यावर भाव घड्याळाबरोबर हलतो. दोन्ही संघ तुल्यबळ आणि बरोबरीला पैसे नाहीत असे धरले, तर २ गुणांची आघाडी मध्यांतराला ५ मिनिटे उरली असताना जेमतेम ६१ सेंटची असते आणि १ मिनिट उरल्यावर सुमारे ७४ सेंटची होते. मधल्या काळात एकही बास्केट पडली नाही तरी भाव चढतो, कारण आघाडी पुसून टाकायला मिळणारा वेळच कमी झालेला असतो. अर्थात शेवटच्या काही सेकंदांत हे गणित ढोबळ ठरते, कारण चेंडू कोणाच्या हातात आहे यावर सारे अवलंबून असते.

बाजाराचा भाव खरा की खोटा, हे एका सामन्यावरून ठरत नाही. ६० सेंटच्या आसपास भाव असलेले शेकडो करार तपासून त्यांतले सुमारे ६० टक्के फळाला आले का, हे पाहावे लागते. हवामानाच्या अंदाजांसाठी ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली सुचवलेला गुणांक येथेही लागू पडतो. तो भाकीत आणि निकाल यांतील फरकाचा वर्ग (फरक गुणिले तोच फरक) मोजतो, म्हणून ठाम बोलून चुकणाऱ्याला अधिक दंड बसतो. मात्र मध्यांतराच्या करारात उलाढाल कमी असेल, तर घेणारा ५६ सेंट देऊ करतो आणि विकणारा ६२ मागतो; तेव्हा ५९ हा आकडा भाव म्हणून कोठेच दिसत नाही, तो त्या दोघांच्या मधल्या फटीत असतो.