स्वयंचलित दारूमापक

उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी ठिणगी देणारी नवी टोपी, दारू आणि गोळी घालून पुन्हा भरतात, तेव्हा दारू तोलून देणारे विजेवरचे यंत्र. बोलताना ‘पावडर डिस्पेन्सर’ म्हणतात. अमेरिकेत हौशी नेमबाजांच्या घरी ते सर्रास असते. सातारा-सांगलीकडे ते दिसत नाही, कारण शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही. शिवाय १० मीटर एअर रायफलच्या छऱ्याला दारू लागतच नाही.

दारू मोजतात ग्रेनमध्ये. १ ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम. नाव परके, पण माप आपल्या आजीच्या पाटल्यांत दडलेले आहे: इंग्रजी अमलातला तोळा १८० ग्रेनचा आणि तोळ्याच्या गुंजा ९६. यंत्राची अचूकता साधारण ०.१ ग्रेन, म्हणजे गुंजेचा जेमतेम एकोणिसावा हिस्सा. विट्याकडच्या, सोने-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्याला याचे नवल वाटणार नाही.

वरच्या डब्यातली दारू आतून आटे असलेल्या फिरत्या नळीतून पुढे सरकते आणि काट्यावरच्या वाटीत पडते. नळी आधी भराभर फिरते, ठरलेले वजन जवळ आले की मंदावते आणि शेवटचे दाणे एकेक करून सोडते. गोल दाण्यांची दारू सुरळीत वाहते. लांबट दाण्यांची मात्र अडकते आणि मग झुबक्याने पडते. वजन वर गेले तर वाटी रिकामी करून पुन्हा भरावी, अंदाजाने चिमूट काढू नये.

काट्याचा खरा वैरी वारा. डोक्यावर पंखा चालू असेल तर रिकामी वाटीही शून्यावर ठरत नाही, शेवटचा आकडा मागेपुढे होत राहतो. म्हणून पंखा बंद, टेबल पक्के आणि सपाट, मोबाइल लांब. यंत्र अर्धा तास आधी चालू ठेवून प्रमाणित वजनाने काटा तपासतात, आणि मध्येमध्ये एखादी मात्रा दुसऱ्या काट्यावर घालून पाहतात. कोरड्या हवेत प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठते आणि दाणे डब्याला चिकटून बसतात.

काम संपले की दारू डब्यात ठेवायची नाही. काही दारू प्लॅस्टिक खराब करते, पण मोठा धोका निराळाच: दोन दिवसांनी डब्यात कोणती दारू होती हे आठवत नाही, आणि दोन जातींची दारू मिसळली तर बंदुकीची नळी फुटू शकते. उरलेली दारू तिच्याच मूळ बाटलीत जाते. यंत्राची नळी उलटी करून टिचकी मारली की आट्यांत अडकलेले पाच-दहा दाणे हटकून निघतात. तेही मऊ ब्रशने झाडून घ्यावेत. पाणी कुठेही लावू नये.

हे सगळे बिनधुराच्या दारूपुरते. रानडुकरांपासून पीक राखायला परवान्यावर मिळणाऱ्या ठासणीच्या बंदुकीत काळी दारू भरतात. ती ठिणगीने पेटते, त्यामुळे विजेच्या यंत्रात कधीच घालत नाहीत. तिचे माप वजनाने नव्हे, आकारमानाने, पितळी मापातूनच घेतात.