28 दिवस थांबवत नाही म्हणून: अ‍ॅक्सिलरेटेड क्युअरिंगची पार्श्वभूमी

काँक्रीटची ताकद तपासायला क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचा ठोकळा, 28 दिवसांनी दाबून फोडतात. तो रिझल्ट येईपर्यंत साइटवर पुढचं काम चढलेलं असतं, मग क्यूब फेल झाला तरी खालचं काँक्रीट काढणार कसं, हा घोर जुनाच आहे. 1933 मध्येच 8 तासांत ताकदीचा अंदाज देणारी टेस्ट छापून आली होती. 1950 च्या आसपास स्टीम क्युअरिंगच्या, म्हणजे वाफ देऊन काँक्रीट लवकर पक्कं करण्याच्या अभ्यासातून तापमान आणि वेळ यांचा एकत्र हिशोब, म्हणजे मॅच्युरिटी, आली आणि पुढे क्यूबला उष्णता देऊन लवकर पक्का करायच्या, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटेड क्युअरिंगच्या पद्धती मानकांत बसल्या: कुठे 35 डिग्री, कुठे 55, कुठे 82, कुठे सरळ उकळतं पाणी. उकळत्या पाण्याच्या पद्धतीत क्यूब आधी 23 तास दमट ठेवायचा, मग साडेतीन तास उकळायचा, दोन तास थंड करून फोडायचा, म्हणजे 28 दिवसांऐवजी साडेअठ्ठावीस तास!

खरा घोळ झाला तो इथून पुढे. एका मानकात नमुन्यादाखल समीकरण दिलं गेलं, 28 दिवसांची स्ट्रेंथ = 8.09 + 1.64 × उकळलेल्या क्यूबची स्ट्रेंथ, दोन्ही मेगापास्कलमध्ये. म्हणजे 10 आली की 24.5 धरायची. हे उदाहरण होतं, आपल्या मटेरियलवर स्वतःची रेषा, म्हणजे या दोन स्ट्रेंथचा संबंध, काढा असंच त्यात अपेक्षित होतं, पण लोकांनी ते पाढ्यासारखं पाठ केलं आणि कुठल्याही सिमेंटला लावत सुटले. आता साध्या सिमेंटवर काढलेली रेषा फ्लाय अ‍ॅशवाल्या (कोळशाची बारीक राख मिसळलेल्या) मिक्सला कशी लागेल? फ्लाय अ‍ॅश एरवी सावकाश चालते, उष्णता दिली की तिचा वेग भलताच वाढतो, मग गुणोत्तर बदलणारच. माझ्या मते तर त्या आकड्याला '28 दिवसांची स्ट्रेंथ' म्हणणंच चूक, तो उकळलेल्या क्यूबचा आकडा आहे, बाकी सगळा अंदाज.

मॉर्टरचं, म्हणजे खडी नसलेल्या सिमेंट-वाळूच्या मिश्रणाचं, त्यामानाने सोपं, कारण वाळू ठरलेली, प्रमाण ठरलेलं, बदलतं ते फक्त सिमेंट, त्यामुळे सिमेंट तपासायला रेषा बरी जुळते. पण तीच उचलून काँक्रीटला लावली की खडी आणि पाणी-सिमेंट प्रमाण आडवं येतं.

नंतर तर स्लॅबमध्येच तापमानाचे सेन्सर बसायला लागले, आणि 1950 चा तोच मॅच्युरिटीचा हिशोब आता मोबाइलवर दिसतो. अर्थात तिथेही त्या मिक्सची रेषा आधी काढावीच लागते, उकळायची टाकी तेवढी गेली.