रोज करणं वेगळं, सुधारणं वेगळं: सवय आणि सराव यातला फरक

"रोज करतोय ना, मग होईलच आपोआप सुधारणा" हे इतक्या जणांच्या तोंडी असतं की त्यावर कोणी थांबून विचारच करत नाही. सवय काय आणि सराव काय, दोन्हीत तेच ते पुन्हा पुन्हा करायचं असतं, बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. पण डोक्यात जे चालतं ते जवळजवळ उलटं असतं. सवयीत लक्ष कमी कमी लागावं हाच तर हेतू असतो, आणि सरावात लक्ष उडालं की मुसळ केरात.

आधी सवय बघू. ठरलेली जागा, ठरलेली वेळ किंवा आधीचं एखादं काम झालं की पुढचं काम विचार न करता सुरू होतं, ती सवय. एमआयटीमध्ये अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या लॅबने उंदरांना टी आकाराच्या वाटेवरून पळवून बघितलं. सुरुवातीला मेंदूच्या खोल भागातल्या (बेसल गँग्लिया म्हणतात त्याला) पेशी पूर्ण वाटभर कामाला लागलेल्या असायच्या, आणि रस्ता अंगवळणी पडल्यावर त्या फक्त सुरुवातीला आणि शेवटाला जोरात चालायच्या, मधलं सगळं मिळून एक गठ्ठाच झालेला. सोय म्हणून हे भारीच आहे, कारण दात घासायला, गाडीचा गिअर बदलायला रोज डोकं लावत बसलो तर दुसरं काही होणारच नाही.

पण या सोयीची एक किंमत आहे आणि ती फार कमी लोक सांगतात. मानसशास्त्रज्ञ वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2011 चा एक मजेशीर प्रयोग आहे, थिएटरमध्ये लोकांना पॉपकॉर्न दिले, काहींना ताजे आणि काहींना आठवडाभर जुने. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती त्यांनी शिळेसुद्धा ताज्याइतकेच खाल्ले, आवडले नाहीत असं सांगत सांगत! त्यांनाच नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावलं की मग मात्र शिळे कमी खाल्ले गेले, म्हणजे हात अडखळला तेव्हा कुठे चवीकडे लक्ष गेलं. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. सवयीला निकालाशी देणंघेणं नसतं, काम चांगलं झालं की वाईट हे ती तपासत नाही, तिचं काम फक्त सुरू करून देणं.

सराव नेमका निकालावरच जगतो. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि दोन सहकाऱ्यांनी 1993 मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन वादकांचा अभ्यास मांडला, त्यातूनच पुढे ते "10,000 तास केले की उस्ताद" प्रकरण जगभर झालं. मुळात तो सगळ्यात चांगल्या वादकांचा विशीपर्यंतचा सरासरी आकडा होता, एवढे तास भरले की तुम्ही उस्ताद असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. आणि तास कसले, तर एकट्याने बसून, जिथे अडतंय तोच तुकडा घेऊन, काय चुकलं ते ऐकून, पुन्हा. हे दमवणारं असतं, म्हणून ती चांगली मंडळीसुद्धा असं एकट्याने दिवसाला सरासरी साडेतीन तासच करत होती, ते पण मधे मधे ब्रेक घेऊन. त्यामुळे कोणी "मी रोज दहा तास सराव करतो" म्हटलं तर मला थोडी शंकाच येते.

आता गंमत अशी की सराव नीट जमला की त्याचीच सवय होते आणि तिथेच सुधारणा अडकते. कीबोर्डवर वर्षानुवर्षं टाइप करणारे आपण सगळे, स्पीड वाढतो का? नाही, कामापुरता आला की थांबतो. फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्येच कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे सांगितले होते, आधी विचार करून करणं, मग चुका कमी होत जाणं, आणि शेवटी आपोआप होणं. या शेवटच्या टप्प्यावर बहुतेक जण आरामात बसून राहतात आणि त्यालाच अनुभव म्हणतात. 2005 मध्ये डॉक्टरांवरच्या जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तर निम्म्याहून जास्त अभ्यासांत डॉक्टरकीची वर्षं वाढली तशी कामगिरी घसरताना दिसली. अर्थात नुसत्या सरावानेच सगळं ठरतं असंही नाही, 2014 च्या एका मोठ्या विश्लेषणात खेळाडूंच्या कामगिरीतल्या फरकाचा साधारण 18 टक्केच भाग सरावाच्या तासांनी समजावता आला.

मग दोन्हीची सांगड कशी घालायची? मला वाटतं बसेपर्यंत सवय, बसल्यावर सराव. रोज त्याच वेळी त्याच खुर्चीत लिहायला बसणं हे सवयीवर सोडा, तिथे इच्छाशक्ती वाया घालवू नका, पण बसल्यावर आज फक्त सुरुवातीचे परिच्छेद, आज फक्त संवाद, असं एक अवघड काहीतरी ठरवून घ्या. आणि सवय 21 दिवसांत लागते हे डोक्यातून काढून टाका, ते मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने 1960 मध्ये पेशंटला नवा चेहरा अंगवळणी पडायला लागणाऱ्या वेळेबद्दल लिहिलं होतं, आणि तेही "कमीत कमी" म्हणून. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर बघितलं तर मधला आकडा 66 दिवस निघाला, कोणाला 18 तर कोणाला अंदाजाने 254. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही हेही त्यातच दिसलं, म्हणून अ‍ॅपवरची स्ट्रीक (सलग किती दिवस केलं त्याची मोजणी) तुटली की रडत बसणाऱ्यांची मला खरंच गंमत वाटते. स्ट्रीक तुम्ही आलात एवढंच मोजते, सुधारलात का ते तिला कुठून कळणार.

सगळीकडे सराव घुसवायचीही गरज नाही हं. चालणं, वेळेवर झोपणं, पैसे बाजूला टाकणं, इथे सवय पुरते. ज्या एक-दोन गोष्टींत खरंच पुढे जायचंय तिथेच सराव ठेवा, कारण तेवढं लक्ष दिवसभरात जास्त ठिकाणी पुरतच नाही.

गुरू नसेल तर चूक कळणार कशी, हा प्रश्न उरतोच. बेंजामिन फ्रँकलिनने तरुणपणी यावर चांगली शक्कल काढली होती, आवडलेल्या निबंधाचे छोटे मुद्दे काढायचे, काही दिवस ते बाजूला ठेवायचे, मग आठवून स्वतःच्या शब्दांत पूर्ण निबंध लिहायचा आणि मूळ समोर ठेवून कुठे कमी पडलो ते शोधायचं. गाणं, भाषण, कोडिंग, कशालाही हे चालतं, फक्त समोर ठेवलेला नमुना आपल्यापेक्षा वरचढ हवा.