ट्रायलचे नियम (नागपूरचा कपडेबाजार)

तयार कपडा विकत घेण्याआधी दुकानातच घालून पाहू द्यायचा का, कोणता द्यायचा, आणि तो नंतर बदलून मिळेल का, याबद्दल दुकानदारांनी ठरवलेले नियम. काही भिंतीवर लिहिलेले असतात, काही बिलाच्या मागे छापलेले. बहुतेक मात्र काउंटरवरच्या माणसाच्या तोंडीच असतात आणि गिऱ्हाईक पाहून थोडेफार हलतात.

नागपुरात हा प्रश्न तसा अलीकडचा. धोतर, लुगडे, साडी यांना मापाची कटकट नव्हती. शहरात कोष्ट्यांचे हातमाग आधीपासून होते आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, पण दोन्हीकडून बाजारात यायचे ते कापड. गिऱ्हाईक इतवारीत किंवा महाल भागात थानातून कापड फाडून घेई आणि शिंप्याकडे टाकी. ट्रायल व्हायची ती तिथे, कच्चा टाका मारलेल्या कोटाची किंवा ब्लाउजची. माप चुकले तर शिंपी उसवून देई. कापडवाल्याचा त्याच्याशी संबंध नसे. रेडिमेड आले तसा शिंपी मधून गेला आणि न बसणाऱ्या कपड्याचा भुर्दंड कोणी सोसायचा हा वाद थेट दुकानात आला. ट्रायलचे सगळे नियम या एका वादाची वेगवेगळी उत्तरे आहेत.

सीताबर्डीच्या मेन रोडवर आणि ‘मोदी नंबर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या गल्ल्यांत फूटपाथवरच्या हातगाडीपाशी ट्रायल रूम नसतेच. तिथे अंदाजाचे शास्त्र चालते. शर्ट पाठीला लावून खांद्याची शिवण खांद्याच्या हाडापाशी येते का ते विक्रेता बघतो. पँटचे बटण लावून, कमरपट्टा दुहेरीच ठेवून, तो गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती गुंडाळतो. दोन टोके मानेमागे टेकली की कमर बसणार. गळ्याचा घेर कमरेच्या साधारण निम्मा, हा त्यामागचा हिशेब. सडपातळ माणसाला तो बऱ्यापैकी लागू पडतो, पोट सुटलेल्याला मुळीच नाही, आणि मांडीत पँट घट्ट होईल का हे गळा सांगू शकत नाही. टी-शर्ट असेल तर अंगातल्या कपड्यावरूनच चढवून पाहायला कोणी हरकत घेत नाही.

गांधीबागेतला ठोक व्यवहार वेगळा. तिथे माल मापांच्या सेटने विकला जातो आणि घेणारा स्वतः दुकानदार असतो, त्यामुळे ट्रायलचा विषयच निघत नाही. लग्नसराईत घरची मंडळी स्वस्ताईसाठी तिकडे शिरतात आणि एकच नग घालून पाहायला मागतात. ‘ताई, इथे ट्रायल नाही होत’ हे उत्तर त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

धरमपेठ व सदर या भागांतल्या आणि मॉलमधल्या शोरूममध्ये ट्रायल रूम हा दुकानाचाच भाग असतो. दाराशी कपडे मोजून टोकन देतात, एका वेळी ठरावीकच नग आत नेऊ देतात, बाहेर येताना पुन्हा मोजतात. ही मोजणी चोरी टाळण्यासाठी असते. अंगातल्या कपड्याखाली नवा कपडा घालून निघून जाण्याची युक्ती जुनी आहे. सणासुदीला आत जायला रांग लागते आणि बाहेर बाकड्यावर पिशव्या सांभाळत बसलेला नवरा हे तिथले कायमचे दृश्य.

दुकानदाराची बाजू हलकी नाही. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो; उन्हातून आलेल्या माणसाने घातलेला फिका शर्ट बगलेत ओला होऊनच परत येतो. कुर्तीच्या गळ्याला लिपस्टिक आणि पावडर लागते, ओढाताणीत चेन निघते. पुठ्ठा, कॉलरखालची प्लास्टिकची पट्टी, टाचण्या आणि क्लिपा लावून घडी घातलेला शर्ट एकदा उघडला की कारखान्यासारखी घडी दुकानात पुन्हा बसत नाही, आणि घडी मोडलेला नग पुढचे गिऱ्हाईक ‘हा वापरलेला दिसतो’ म्हणून बाजूला सारते. म्हणून पुष्कळ दुकाने प्रत्येक मापाचा एकेक नग ट्रायलसाठी उघडा ठेवतात. हा उपाय साधा आहे आणि सगळ्यांनीच करायला हवा.

अंतर्वस्त्रे आणि मोजे ट्रायलला मिळत नाहीत, बदलूनही मिळत नाहीत. त्यावर कोणी वाद घालत नाही. पांढऱ्या कपड्यांबाबत दुकानदार हात आखडता घेतात. साडीची ट्रायल म्हणजे गादीवर बसलेल्या माणसाने पदर खांद्यावर टाकून आरसा दाखवणे. शेरवानी आणि लेहंग्याला मात्र ट्रायल आग्रहाने देतात, कारण तिथे अल्टरेशन सौद्यातच धरलेले असते. लहान मुलांचे कपडे मूल सोबत नसताना वितीने किंवा जुना कपडा आणून मोजतात आणि वाढत्या अंगाचे म्हणून एक नंबर मोठे घेतात.

मापाच्या आकड्यांवर विसंबता येत नाही, हेदेखील ट्रायल मागण्यामागचे मोठे कारण. एका कंपनीचा ४० नंबर दुसरीच्या ४२ एवढा भरतो. भारतीय शरीरांची स्वतःची मापे ठरवण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडिया साइज’ हे सर्वेक्षण हाती घेतले. त्यासाठी निवडलेल्या सहा शहरांत नागपूर नव्हते.

नागपुरी बाजारात ट्रायल आणि बदल एकमेकांची भरपाई करतात. ‘घालून नाही पाहता येत भाऊ, पण नाही बसलं तर टॅग न काढता आणून द्या, बदलून देतो’ हा सौदा रास्त आहे. ट्रायल द्यायची आणि मग बदलून द्यायचे नाही, हेही समजण्यासारखे. दोन्ही नाकारणारी दुकाने मात्र सगळी जोखीम गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात, आणि सेलच्या दिवसांत अशा पाट्या हटकून दिसतात. ‘बदल’ म्हणजे पैसे परत नव्हेत, हे बहुतेक ठिकाणी गृहीतच असते. दुसरा नग घ्या नाहीतर क्रेडिट नोट, म्हणजे तेवढ्या रकमेची पुढे त्याच दुकानात खरेदी करायची चिठ्ठी.

ट्रायल दिलीच पाहिजे असे बंधन कायद्याने दुकानदारावर नाही. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १६ प्रमाणे माल विकाऊ दर्जाचा असावा लागतो, पण गिऱ्हाइकाने माल तपासून घेतला असेल तर त्या तपासणीत दिसायलाच हवे होते अशा दोषांवर हे संरक्षण मिळत नाही. म्हणजे ट्रायल घेतलेल्या माणसाने उसवलेली शिवण तिथेच पाहून घ्यावी. कलम २४ पसंतीवर नेलेल्या मालाचे आहे: पसंती कळवली किंवा नकार न देता ठरलेल्या मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला, की तो घेणाऱ्याचा होतो. ओळखीच्या घरी चार साड्या ‘पाहायला’ पाठवण्याची रीत याच कलमात बसते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीलाही मर्यादा आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत छापली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. रंग आवडला नाही किंवा घरी गेल्यावर कमरेत घट्ट झाला, हा दोष नव्हे. तिथे दुकानदाराचा शब्दच कामाचा.

सरकारनेच ट्रायल बंद केल्याचा एक काळही आहे. जून २०२० मध्ये टाळेबंदी टप्प्याटप्प्याने सैल करणाऱ्या ‘मिशन बिगिन अगेन’खाली राज्यातली दुकाने उघडली तेव्हा कोरोना संसर्गाच्या भीतीने ट्रायल रूम वापरायला मनाई होती आणि कपडा बदलून किंवा परत घ्यायलाही. वर ज्या दुहेरी नकाराला नावे ठेवली तो त्या काळात सरकारी आदेशच होता, आणि लोकांनी निमूट जुन्या नंबराने खरेदी केली.

ट्रायल रूममध्ये छुपा कॅमेरा लावणे हा फौजदारी गुन्हा आहे. बाईला खासगी क्षणी चोरून पाहणे किंवा टिपणे यासाठी २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३५४ क आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ ने घेतली. पहिल्या दोषसिद्धीला किमान एक व कमाल तीन वर्षे कैद होते.

पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात विनाशुल्क दाखल करता येते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर आहे. चारशेच्या शर्टासाठी तिथवर सहसा कोणी जात नाही. भांडण काउंटरवरच होते, आणि मालक गल्ल्यावर बसलेला असेल तर बहुधा तिथेच मिटते.