मुंबईत गाडी तासांवर मोजावी

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत सगळी देखभाल किलोमीटरमध्ये लिहिलेली असते. इतक्या किलोमीटरला ऑइल, इतक्याला एअर फिल्टर. महामार्गावर हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो, मुंबईत नाही. ताशी ६० किलोमीटरने धावणारी गाडी १०,००० किलोमीटर सुमारे १६७ तासांत कापते. साकीनाक्याच्या किंवा एलबीएस रोडच्या रांगेतून सरासरी १५ च्या वेगाने सरकणाऱ्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी ६६७ तास लागतात. मीटरवरचा आकडा एकच, पण इंजिन चौपट वेळ तापत राहिलेलं असतं. म्हणूनच अनेक पुस्तिकांच्या शेवटी ‘कठीण परिस्थिती’साठी कमी अंतराचं वेगळं कोष्टक असतं. ते पान शोधा, मुंबईतल्या गाडीचं खरं वेळापत्रक ते आहे. आणि गाडी कमी फिरली तरी इंजिन ऑइल वर्षातून एकदा बदलाच.

या तासांचा पहिला मार बसतो क्लचला. इंजिनाच्या टोकाशी फ्लायव्हील नावाची जड चकती फिरत असते. तिच्यावर प्रेशर प्लेट ही क्लच प्लेटला घट्ट दाबून धरते, म्हणून इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोहोचते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकतं आणि पकड सुटते. पेडल पूर्ण वर असेल तर प्लेट घासत नाही, पूर्ण खाली असेल तरीही घासत नाही. घासते ती मधल्या अवस्थेत, म्हणजे हाफ क्लचवर. केम्प्स कॉर्नरच्या चढावर सिग्नल सुटेपर्यंत हाफ क्लचवर गाडी तोलून धरली, तर तेवढा वेळ प्लेटचं अस्तर नुसतं जळत असतं. चढावर हँडब्रेक लावावा. सपाट रस्त्यावर लांब सिग्नल असेल तर न्यूट्रल करून पाय काढावा, कारण पेडल दाबून ठेवलं की रिलीज बेअरिंगवर सतत भार राहतो. पेडल दाबल्यावरच घरघर येत असेल तर संशय या बेअरिंगवर घ्यावा.

एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेल्या आणि गिअर आपोआप बदलणाऱ्या गाड्यांबद्दल मोठा गैरसमज आहे. पेडल नाही म्हणजे क्लच नाही, असं नसतं. आत तशीच प्लेट असते, फक्त ती यंत्रणा स्वतः हलवते. चढावर अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून एएमटी जागेवर धरली तर तीही तशीच जळते.

क्लच गेला का, हे मोकळ्या रस्त्यावर तपासता येतं. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० च्या आसपास असताना अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग त्या मानाने वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे. बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदम बदलावेत. एकेका भागासाठीही गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि मजुरीचा मोठा वाटा त्यातच जातो. गिअरबॉक्स खाली असतानाच क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं ऑइल सील गळत नाही ना, हे मेकॅनिककडून पाहून घ्या. तिथून ऑइल झिरपलं तर नवी प्लेटही घसरू लागेल.

दुसरा मार कूलिंगला. धावत्या गाडीत समोरची हवा रेडिएटर थंड करते, रांगेत उभ्या गाडीत ते काम एकट्या पंख्यावर येतं. त्यात एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असल्याने आधीच तापलेली हवा आत येते. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि पाणी निम्मे-निम्मे असेल तर ते मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळतं. रेडिएटरच्या झाकणाने आत दाब धरून ठेवल्यामुळे हा बिंदू १२५ च्याही वर जातो. गरम इंजिनाचं झाकण उघडू नये ते यामुळेच: दाब सुटताच आतलं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर उसळतं.

नुसतं नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतत राहणं ही महागात पडणारी काटकसर आहे. क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात, वॉटर पंप गंजतो. बाटली आयती मिसळलेली आहे की घट्ट, हे लेबलवर वाचा. घट्ट असेल तर डिस्टिल्ड वॉटरच मिसळा. हिरवा-गुलाबी रंग पाहून कूलंट निवडू नका, पुस्तिकेत दिलेला प्रकारच घ्या. पातळी थंड इंजिनावर पाहायची, डब्याच्या कमाल आणि किमान खुणांच्या मध्ये. तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर सोडा, जागा मिळताच थांबा आणि निदान अर्धा तास बोनेटखाली कशालाही हात लावू नका. तसंच दामटलं तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) उडतं, आणि तो खर्च कूलंटच्या कित्येक पट असतो.

ब्रेक ऑइलकडे सहसा कोणी पाहत नाही. हा द्रव हवेतला ओलावा शोषून घेतो, आणि मुंबईत ओलाव्याला तोटा नाही. डॉट ४ प्रकारचं कोरं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. खंडाळ्याचा घाट उतरताना सतत ब्रेक दाबून चाकांजवळचा द्रव एवढा तापला, तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, द्रव दबत नाही. त्यामुळे पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली जातं. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला आणि घाट उतरताना खालचा गिअर वापरा. पॅडचं अस्तर ३ मिलिमीटरवर आलं की पॅडही बदला. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी दिसणारा तांबूस गंज मात्र पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो, त्याची काळजी नको.

टायरवर ‘१८५/६५ आर १५’ असं लिहिलेलं असेल तर रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, बांधणी रेडियल आणि रिम १५ इंची. टायरवर निर्मितीचा वेगळा कोडही असतो; त्याचे शेवटचे चार आकडे, समजा २४२३, म्हणजे २०२३ चा २४ वा आठवडा. नवा म्हणून विकला जाणारा टायर गोदामात किती पडून होता, ते यावरून कळतं. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटर पुरते, पण पावसाळ्याआधी ३ च्या खाली असेल तर बदलणंच बरं.

आता पाणी. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावं प्रत्येक पावसाळ्यात ऐकू येतात, आणि त्यानंतर गॅरेजमध्ये वाकलेल्या कनेक्टिंग रॉडची (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याची) इंजिनं येतात. कारण साध्या गणितात आहे. १,१९७ सीसीच्या चार सिलिंडरी इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला सुमारे ३०० सीसी येतात. पिस्टन पूर्ण वर गेला की साधारण ३० सीसी जागा उरते, म्हणजे दोन मोठे चमचे. हवेच्या वाटेने त्याहून जास्त पाणी आत गेलं की पिस्टनला वर जायला जागाच नसते. हवा दबली असती, पाणी दबत नाही, म्हणून रॉड वाकतो. सायलेन्सर बुडणं इतकं घातक नसतं. घातक असतं ते एअर फिल्टरच्या डब्याकडे जाणाऱ्या नळीचं तोंड बुडणं. बोनेट उघडून ते तोंड किती उंचीवर आहे ते आजच पाहून ठेवा. अनेक गाड्यांत ते जाळीच्या मागे, हेडलाइटच्या उंचीवर असतं. समोरून येणाऱ्या बसची लाट तिथवर सहज चढते, म्हणून पाणी अर्ध्या चाकापर्यंत असलं तरी ते सुरक्षित धरू नका.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. एवढा एक नियम पाळला तरी बहुतेक वेळा इंजिन वाचतं, कारण रॉड अनेकदा त्या दुसऱ्या प्रयत्नातच वाकतो. पाणी दारापर्यंत चढत असेल तर वीज चालू आहे तोवर काच खाली करून बाहेर पडा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा बंद गाड्यांमध्ये अडकून माणसं दगावली. काच फोडायची वेळ आलीच तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार वस्तूने मारा. पुढची काच दुपदरी लॅमिनेटेड असते, ती तडकते पण मोकळी होत नाही.

नंतर गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकवरूनच गॅरेजला न्या आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढून इंजिन आधी हाताने फिरवून बघायला सांगा. डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीवरचं) ऑइल दुधाळ दिसलं तर ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय इंजिन चालू करू देऊ नका. पाण्याची उंची दिसेल असे फोटो गाडी हलवण्याआधी काढा. साध्या सर्वंकष विम्यात पाण्याने बिघडलेलं इंजिन सहसा धरलं जात नाही, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जोड-कवच मे महिन्यातच पॉलिसीत आहे का ते बघून ठेवावं.